‘बंद’ म्हणजे नक्की काय बंद?

हा आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये नेटवर्क जात असेल, हेडफोन घरी राहिले असतील किंवा मुळात वाचायलाच आवडत असेल, तर हे तुमच्यासाठी. जे बोलले तेच लिहिलंय, फक्त माझे ‘म्हणजे… म्हणजे…’ जरा कमी केलेत.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करते. तुम्ही व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला आणि एक टिक आली. काय झालं? मेसेज तुमच्या फोनमधून निघून सर्व्हरपर्यंत गेला. दोन टिक आल्या, म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोहोचला. निळ्या झाल्या, म्हणजे त्याने उघडून पाहिला. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नाही, तरी पाठ आहे. ‘मी तुला सांगितलं होतं’ म्हणून कुणी भांडायला आलं, तर आपण सरळ स्क्रीनशॉट काढतो, ‘एकच टिक होती, बघ!’

आता कल्पना करा, या तिन्ही गोष्टींना एकच टिक असती. पाठवलं तरी तीच, पोहोचलं तरी तीच, वाचलं तरी तीच. किती घरांत भांडणं लागली असती?

मी माझ्या पहिल्या नोकरीत नेमकं हेच करून ठेवलं होतं. फक्त ते मेसेजचं ॲप नव्हतं. विहिरीतल्या मोटरचं होतं. आणि त्याची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्याच कुणीतरी मोजली.

आज आपण ज्या संस्थेबद्दल बोलणार आहोत, तिचं नाव आहे आयईईई सिस्टम्स, मॅन अँड सायबरनेटिक्स सोसायटी. नाव ऐकून एखाद्या वेब सिरीजमधली गुप्त संघटना वाटते, मला माहितेय. पण ही इंजिनिअर लोकांची व्यावसायिक संस्था आहे आणि तिचा मूळ प्रश्न अगदी घरगुती आहे: यंत्र आणि माणूस एकत्र काम करतात, तेव्हा त्या दोघांना मिळून एक गोष्ट मानायची की वेगवेगळ्या दोन?

मोटरचं ॲप

बी.टेक. झाल्यावर मी एका छोट्या कंपनीत लागले. आम्ही शेतातल्या मोटरसाठी मोबाईल स्टार्टर बनवायचो. ज्यांचं गाव आहे त्यांना हे सांगायला नको. शेतीची लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्री दोन वाजता लाइट आली की बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत विहिरीवर जायचं आणि मोटर चालू करायची. त्याऐवजी स्टार्टरच्या पेटीत एक सिम कार्ड घातलेला बोर्ड बसवायचा आणि घरातून, अंथरुणात बसून मोबाईलवरून मोटर चालू-बंद करायची. खरंच उपयोगाची वस्तू. मी स्क्रीन बनवत होते आणि मला त्याचा प्रचंड अभिमान होता.

माझी स्क्रीन साधी होती. मोटरचं एक मोठं चित्र. चालू असेल तर हिरवं आणि खाली लिहिलेलं ‘चालू’. बंद असेल तर राखाडी, खाली ‘बंद’. शेतकऱ्याने बंदचं बटण दाबलं की पेटीतल्या बोर्डाला आदेश जायचा. बोर्ड त्याचा रिले सोडायचा आणि परत निरोप पाठवायचा, ‘आदेश पाळला.’ तो निरोप आला की मी चित्र राखाडी करायचे. कोड रिव्ह्यूमध्ये कुणालाच काही खटकलं नाही. मलाही नाही.

एका पावसाळ्यात सपोर्टकडून तिकीट आलं. एका काकांना शॉक बसला होता. डाळिंबाची बाग, विहिरीत पाणबुडी मोटर. मोटरकडे जाणारी एक वायर पेटीत सैल झाली होती, ती आवळायला ते गेले. आधी मोबाईलवरून मोटर बंद केली. स्क्रीनवर ‘बंद’ दिसलं. मग पेटी उघडून वायरीला हात लावला.

मोटर चालू होती.

झालं असं होतं की पेटीतल्या कॉन्टॅक्टरच्या आतले कॉन्टॅक्ट जळून एकमेकांना चिकटले होते. बोर्डाने आदेश पाळला होता, कॉइलची वीज तोडली होती. पण चिकटलेले कॉन्टॅक्ट उघडलेच नाहीत, त्यामुळे वीज मोटरकडे जातच राहिली. कॉइल सुटलेली असल्यामुळे कॉन्टॅक्टरची नेहमीची गुणगुण नव्हती. मोटर पाण्याखाली, तिचाही आवाज नाही. पाइपाचं तोंड लांब, शेततळ्यावर. त्या माणसाला डोळ्यांनी दिसेल, कानाला ऐकू येईल असं काहीच नव्हतं. होती ती फक्त माझी स्क्रीन.

काका वाचले. उजवा तळवा भाजला, मागे फेकले गेले म्हणून खांद्याला मार लागला. दहा दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होते आणि पुढे दोन महिने त्यांना धार काढता आली नाही.

आमच्याकडे ते तिकीट बंद झालं. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘वापरकर्त्याची चूक.’ कारण मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर, इंग्रजीत, छापलेलं होतं की पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करावा. आणि हे खरंच आहे, तो करायलाच हवा. तुमच्या घरी शेतात पेटी असेल तर ॲप काहीही म्हणो, आधी मेनचा खटका पाडा. हे आजच्या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य समजा.

पण मी त्या काकांना फोन केला होता. सॉरी म्हणायला केला की स्वतःला बरं वाटावं म्हणून केला, देव जाणे. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, ॲपमध्ये बंद होतं ना, म्हणून हात घातला.”

हे वाक्य मला झोपू देईना.

एक दिवा

त्या आठवड्यात मी माझ्या कॉलेजच्या सरांना फोन केला. आमच्या कॉलेजात आयईईईची विद्यार्थी शाखा होती आणि सर तिचं काम बघायचे. खरं सांगते, मी मेंबरशिप घेतली होती ती सर्टिफिकेटसाठी आणि कार्यक्रमानंतरच्या सामोशांसाठी. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “तुझी स्क्रीन मोटरची अवस्था दाखवत होती, की तुझ्या आदेशाची?”

मी गप्प.

मग म्हणाले, “थ्री माइल आयलंड वाच. आणि मेंबर होतीस ना? मग सिस्टम्स, मॅन अँड सायबरनेटिक्सचे जुने अंक काढून बघ जरा.”

तर, थ्री माइल आयलंड. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियामधलं अणुवीज केंद्र. २८ मार्च १९७९, पहाटे चारच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या युनिटमध्ये पाणी पुरवणारे पंप थांबले. अणुभट्टीतला दाब वाढला, तसा तो कमी करणारा एक व्हॉल्व्ह आपोआप उघडला. इथपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. दाब उतरल्यावर तो काही सेकंदांत बंद व्हायला हवा होता. बंद होण्याचा संकेत गेला. पण व्हॉल्व्ह अडकला, उघडाच राहिला.

कंट्रोल रूममध्ये त्या व्हॉल्व्हसाठी एक दिवा होता. तो विझला. ऑपरेटर समजले, व्हॉल्व्ह बंद झाला. प्रत्यक्षात तो दिवा एवढंच सांगत होता की व्हॉल्व्हच्या कॉइलला जाणारी वीज तुटली आहे. व्हॉल्व्ह खरोखर बसला की नाही, हे सांगणारं थेट काही त्या पॅनेलवर नव्हतं.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. कॉइलची वीज तुटली, पण वस्तू हललीच नाही. दिवा म्हणतो बंद. चाळीसेक वर्षं आधी, दुसऱ्या खंडात, माझीच स्क्रीन!

पुढे काय झालं? उघड्या व्हॉल्व्हमधून भट्टीचं पाणी जात राहिलं. पहिल्या काही मिनिटांत शंभराहून जास्त अलार्म वाजले. एका मापकावर पाण्याची पातळी वर जाताना दिसत होती, म्हणून ऑपरेटरांना वाटलं की पाणी जास्त झालंय आणि त्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला. व्हॉल्व्हच्या पुढच्या पाइपाचं तापमान जास्त दिसत होतं, पण तो व्हॉल्व्ह आधीपासूनच थोडा गळत होता, त्यामुळे तापमान जास्त असायची सगळ्यांना सवय झाली होती. गळती थांबायला दोन तास वीस मिनिटांहून जास्त वेळ लागला. तोपर्यंत भट्टीच्या गाभ्याचं नुकसान सुरू झालं होतं. शेवटी गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते जॉन केमेनी. प्रोग्रामिंग करणाऱ्यांनो, कान टवकारा. बेसिक ही भाषा ज्या दोघांनी बनवली त्यांतले हे एक. त्यांच्या आयोगाचा रोख असा होता की मूळ दुखणं माणसांशी निगडित आहे, आणि माणसं म्हणजे फक्त त्या रात्रीचे ऑपरेटर नव्हेत. प्रशिक्षण, सूचना, कंट्रोल रूमची रचना, आधीच्या बिघाडांची माहिती पुढे न पोहोचणं, हे सगळं त्यात आलं.

म्हणजे ‘वापरकर्त्याची चूक’ असं लिहून तिकीट बंद करता येईना.

सुकाणू धरणारा

आता या सोसायटीकडे येऊ. तिची मुळं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जातात. तेव्हा अमेरिकेत काही बॉम्बर विमानं सुखरूप उतरायची आणि उतरल्यावर पोटावर आपटायची. पायलट पंखांचे फ्लॅप आत घ्यायच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचे. अल्फॉन्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिला. दोन्ही दांडे शेजारी शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याचा उपाय साधा होता. चाकाच्या दांड्याला चाकासारखी मूठ, फ्लॅपच्या दांड्याला फ्लॅपसारखी. अंधारात, दमलेल्या हातालाही फरक कळेल अशी.

त्याच काळात नॉर्बर्ट वीनर हे गणितज्ञ विमानविरोधी तोफांवर काम करत होते. विमान, त्यातला पायलट, खालची तोफ आणि तिच्यावरचा माणूस, सगळं मिळून एकच फिरणारं चक्र आहे, असं त्यांना दिसलं. १९४८मध्ये त्यांनी ‘सायबरनेटिक्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. हा शब्द ग्रीक भाषेतून आलाय. अर्थ काय, तर सुकाणू धरणारा. होडी डावीकडे गेली की थोडं उजवीकडे वळवायचं, पुन्हा बघायचं, पुन्हा वळवायचं.

ही कल्पना तुम्ही रोज सकाळी वापरता. अंघोळीच्या बादलीत गरम पाणी सोडलं, हात घातला, चटका बसला, थंड सोडलं, पुन्हा हात घातला. हात घालून बघणं, यालाच फीडबॅक म्हणतात. आता समजा हात न घालता, ‘मी थंड पाण्याचा नळ सोडला आहे’ एवढ्यावर विश्वास ठेवून डोक्यावर तांब्या ओतला तर? माझ्या ॲपने शेतकऱ्याला हेच करायला लावलं होतं.

१९५८मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेत ‘इलेक्ट्रॉनिक्समधील मानवी घटक’ या विषयाचा एक व्यावसायिक गट सुरू झाला. १९६३मध्ये ती संस्था आणि विद्युत अभियंत्यांची संस्था एकत्र आल्या आणि आयईईई तयार झाली. १९६५मध्ये सिस्टम्स सायन्स आणि सायबरनेटिक्सचा वेगळा गट निघाला. १९७०मध्ये माणूस-यंत्रवाले आणि सिस्टम्सवाले एकत्र आले, आणि १९७२मध्ये त्या गटाला सोसायटीचा दर्जा मिळाला.

मला यातला १९७०चा भाग आवडतो. कारण हे दोन स्वभावाचे लोक आहेत. एक टोळी समीकरणं मांडणारी, दुसरी कॉकपिटमध्ये जाऊन मुठी बघणारी. आपल्या ऑफिसातही बॅकएंडवाले आणि डिझाइनवाले वेगळ्या टेबलांवर डबा खातात. या लोकांनी नावातच तिन्ही शब्द एकत्र ठेवले. (नावातला ‘मॅन’ आज कानाला खटकतो, बरोबर. त्यांच्या एका संशोधन नियतकालिकाच्या नावात २०१३पासून ‘ह्यूमन-मशीन’ आहे, पण सोसायटीचं नाव जुनंच चालू आहे.)

त्या अंकांत काय सापडलं

सरांनी सांगितल्याप्रमाणे मी जुने अंक काढले. आणि काय काय निघालं तिथे!

१९७३मध्ये लोत्फी झादे यांनी त्यांच्या नियतकालिकात एक पेपर लिहिला. त्यांचं म्हणणं, माणूस ‘४१ अंश’ असा विचार करत नाही, ‘जरा कोमट झालं की बस’ असा करतो. मग अशाच शब्दांतले नियम यंत्राला का देऊ नयेत? ही कल्पना उचलून इब्राहिम ममदानी यांनी लंडनमध्ये एका छोट्या वाफेच्या इंजिनावर प्रयोग केला. आपल्याकडे वॉशिंग मशीनवर ‘फझी लॉजिक’ असं ठळक लिहिलेलं असतं, त्याची वंशावळ इथे येऊन मिळते.

१९७९मध्ये नोबुयुकी ओत्सु यांचा पेपर आला. करड्या रंगाच्या चित्रात कुठल्या छटेच्या पुढे पांढरं आणि मागे काळं मानायचं, हे आपोआप ठरवायची रीत. कागदाचा फोटो काढून त्याचं स्वच्छ काळं-पांढरं रूप करायचं असेल, तर ओपन-सीव्हीमध्ये आजही त्यांच्याच नावाचा पर्याय आहे.

१९८३मध्ये बार्टो, सटन आणि अँडरसन यांनी गाड्यावर उभी काठी तोलायला शिकणारा प्रोग्राम मांडला. त्यातल्या बार्टो आणि सटन यांना २०२४चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. सध्या एआयच्या बातम्यांत रीइन्फोर्समेंट लर्निंग हा शब्द ऐकता ना, ते यांचंच क्षेत्र.

पण माझ्या कामाचा पेपर वेगळाच होता. त्याच १९८३ सालचा, डेन्मार्कच्या येन्स रासमुसेन यांचा. ते म्हणतात, माणूस तीन पातळ्यांवर काम करतो. पहिली, सवयीची. गाडी चालवताना क्लच-गिअर, विचार करावा लागत नाही. दुसरी, नियमाची. सिग्नल लाल, थांब. तिसरी, समजुतीची. पुलावरून पाणी वाहतंय, रस्ता दिसत नाही, आता डोकं चालवावं लागणार.

आता काकांकडे बघा. ते दुसऱ्या पातळीवर होते. ‘बंद दिसलं, हात घालायला हरकत नाही.’ त्यांनी त्यांचा नियम नीट पाळला. खूण चुकीची होती आणि ती खूण मी लावली होती. आणि गंमत बघा, माझ्या पुढच्या प्रत्येक अपडेटने स्क्रीन जितकी सोपी, जितकी गुळगुळीत होत गेली, तितका तिच्यावरचा विश्वास वाढत गेला. विचार करायची गरजच आम्ही काढून टाकत होतो आणि त्यालाच चांगलं डिझाइन म्हणत होतो.

दुसरा पेपर २०००चा. लेखक राजा परशुरामन, टॉमस शेरिडन आणि ख्रिस्तोफर विकेन्स. ते म्हणतात, ‘हे काम ऑटोमॅटिक आहे का?’ हा प्रश्नच अर्धवट आहे. कामाचे चार तुकडे करा. माहिती गोळा करणं, तिचा अर्थ लावणं, निर्णय घेणं आणि कृती करणं. प्रत्येक तुकडा किती यंत्राकडे द्यायचा आणि किती माणसाकडे ठेवायचा, हे वेगवेगळं ठरवा.

मी कागद घेऊन आमच्या ॲपचे चार तुकडे केले. कृती? पूर्ण यंत्राकडे, छान. निर्णय? शेतकऱ्याचा. अर्थ लावणं? आमच्या स्क्रीनने परस्पर लावून टाकलेला. माहिती गोळा करणं? इथे माझा पेन थांबला. कारण पेटीत करंट मोजणारा सेन्सर आधीपासून होता! विहिरीतलं पाणी संपलं तर मोटर जळू नये, म्हणून बसवलेला. मोटरमध्ये वीज वाहतेय की नाही, हे पेटीला कळत होतं. माझ्या स्क्रीनने ते कधी विचारलंच नव्हतं.

थ्री माइल आयलंडमध्ये पाइपाचं तापमान समोर होतं. आमच्याकडे करंटचा आकडा होता. दोन्हीकडे खरी गोष्ट घरातच होती, फक्त माणसापर्यंत अर्थ होऊन पोहोचली नव्हती.

आम्ही काय बदललं

मी लीडकडे गेले. वाटलं होतं, लगेच हो म्हणेल. तो म्हणाला, “चारशे वेगळ्या अवस्था दाखवल्या तर लोक गोंधळतील. सपोर्टचे फोन वाढतील.” आणि हे काही वेडं म्हणणं नव्हतं. त्याला रोज त्या फोनांचा हिशोब द्यावा लागायचा.

मी म्हटलं, चारशे नको, चार दे. मग एका रविवारी मी आणि हार्डवेअरवाला मित्र, दोघं एसटीने काकांच्या गावी गेलो. पेटीजवळ उभं राहून कागदावर काढलेल्या स्क्रीन दाखवल्या.

पहिली: ‘बंद करायला सांगितलंय, थांबा.’ दुसरी: ‘करंट शून्य. मोटर बंद.’ तिसरी, लाल रंगात: ‘मोटर अजून चालू आहे! पेटीला हात लावू नका.’

काकांनी तिन्ही बघितल्या. मग म्हणाले, “आणि रेंज गेली तर?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. रेंज गेली तर ॲप शेवटची अवस्थाच दाखवत राहायचं. तासाभरापूर्वीचं ‘बंद’ आत्ताचं ‘बंद’ म्हणून. चौथी स्क्रीन तिथे, बांधावर, त्यांनी सुचवली: ‘माहिती नाही. शेवटची खबर इतक्या मिनिटांपूर्वीची.’

आणि प्रत्येक स्क्रीनखाली, मराठीत, एक ओळ कायमची: ‘पेटी उघडण्याआधी मेनचा खटका पाडा.’ कारण सेन्सरही बिघडू शकतो. एका खोट्या दिव्याच्या जागी दुसरा आणून ‘आता याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा’ म्हणण्यात काय अर्थ?

पहिले काही आठवडे फोन खरंच वाढले. लोक विचारायचे, “माहिती नाही म्हणजे काय? पैसे कशाला घेतलेत मग?” लीडने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. मग वेगळे फोन यायला लागले. “ॲप म्हणतंय अजून चालू आहे, काय करू?” अशा एका पेटीत तंत्रज्ञाने जाऊन बघितलं, तर कॉन्टॅक्ट चिकटलेले. तो फोन आधीच्या स्क्रीनवर आलाच नसता. एकतर मोटर जळाल्यावर आला असता, नाहीतर दवाखान्यातून.

आता तुमचं काम

या सोसायटीची मी जाहिरात करत नाहीये. तिचे पुष्कळ पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, भाषा जड असते, आणि शॉक बसलेला शेतकरी त्या परिषदेत बोलायला जात नाही. पण त्या अंकांमधून मला जे मिळालं, ते चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये एकाही पेपरला विचारलं गेलं नव्हतं. माणूस सिस्टमच्या बाहेर उभा राहून बटण दाबत नसतो, तो सिस्टमच्या आत असतो. त्याला कळलं नाही, म्हणजे सिस्टमचाच एक भाग बिघडला. कॉलेजात असाल आणि तिथे आयईईईची विद्यार्थी शाखा असेल, तर सामोसे खाच, पण एखादा जुना अंकही उघडा.

बाकीच्यांनी फोन हातात घ्या. कुठलंही ॲप, कुठलीही हिरवी खूण. तीन प्रश्न विचारा. ही खूण घडलेली गोष्ट सांगतेय, की पाठवलेला आदेश? ती किती जुनी आहे? आणि ती चुकली, तर मला दुसरीकडून कसं कळेल?

चहाच्या टपरीवाल्याला हे तिन्ही प्रश्न माहीत आहेत. तुम्ही तुमच्या फोनवरची हिरवी खूण त्याच्या नाकासमोर धरली, तरी तो त्याच्या स्पीकरवरून ‘दहा रुपये प्राप्त झाले’ ऐकेपर्यंत मान हलवत नाही. तुमची खूण म्हणजे तुमची बाजू. त्याचा डबा म्हणजे त्याच्या खात्याची बाजू. आणि यूपीआय जेव्हा ‘पेंडिंग’ दाखवतं ना, तेव्हा चिडू नका. ते बिचारं प्रामाणिकपणे सांगतंय की मला अजून माहीत नाही.

काकांशी अजून बोलणं होतं. मागच्या दिवाळीला फोन केला तेव्हा सहज विचारलं, “ॲप नीट चालतंय ना?”

म्हणाले, “चालतंय की. एकदम झ्याक.”

“मग पेटीत काम असलं की ॲपवरच बघता ना, करंट शून्य?”

“बघतो की. आणि मग खटका पाडतो.”

मी म्हटलं, काका, बरोबर करताय.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, हात घालून बघा. बादलीत हं, पेटीत नाही!